पर्यंत म्हणजे धरून

कफ परेडच्या मच्छीमार नगरात अब्बांच्या ओळखीचे एक तांडेल राहतात. अब्बा ससून डॉकवर त्यांची मासळी घ्यायचे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. मे महिन्यात मी त्यांच्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. तारीख दिली की बोट समुद्रात नेता येईल का, ते तो सांगणार. डिझेल, बर्फ, खलाशांना गावाहून बोलवणं, सगळं त्यावरून ठरणार.

नियम साधा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, एकूण ६१ दिवस. मी युनिट टेस्टही लिहिली होती. युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा बरोबर चालतो का, ते तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम. माझी टेस्ट मात्र चाळीस ओळींची होती, त्यात लूप, अटी, वजाबाकी सगळं. हिरवी खूण आली आणि मी निर्धास्त झालो.

काकांनी जाळं बाजूला ठेवून मोबाइल हातात घेतला.

"पोरा, हा ३१ तारखेला बोट सोडा म्हणतो."

"३१ पर्यंतच बंदी ना, काका?"

"पर्यंत म्हणजे धरून. एकतीसला पकडलं तर दंड तू भरशील?"

प्रोग्रॅममध्ये मी 'तारीख ३१ जुलैपेक्षा लहान' अशी अट घातली होती. 'लहान किंवा तीच' हवी होती. मग टेस्टने ही चूक का पकडली नाही? कारण तीही माझ्याच डोक्याने चालत होती. बंदीचे दिवस किती, हे ती शेवटच्या तारखेतून पहिली वजा करून काढत होती. उत्तर ६०. प्रोग्रॅमचंही ६०. दोन्ही चुका जुळल्या आणि खूण हिरवी झाली.

त्या रात्री मी ती टेस्ट पुसून चार लहान टेस्ट लिहिल्या. ३१ मेला परवानगी आहे. १ जूनला बंदी आहे. ३१ जुलैला बंदी आहे. १ ऑगस्टला परवानगी आहे. टेस्टची नावंही हीच वाक्यं. प्रत्येकीत एकच तारीख, एकच अपेक्षा. लूप नाही, हिशेब नाही. उत्तर मी हाताने लिहिलेलं. गडबड होते ती काठावरच, म्हणून चारही तारखा काठावरच्या. जुना प्रोग्रॅम चालवला तर फक्त तिसरी टेस्ट लाल झाली. चूक कुठे आहे, हे तिच्या नावातच होतं. अट दुरुस्त केली, चारही हिरव्या.

दुसऱ्या दिवशी ती चार वाक्यं काकांना वाचून दाखवली. कोडिंगचा त्यांना गंध नाही, पण प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. आधीच्या चाळीस ओळी मी त्यांना कशा वाचून दाखवल्या असत्या? खरं तर महिन्याभराने मलाही कळल्या नसत्या.

चौथं वाक्य संपल्यावर काका थांबले.

"आणि आमची वल्ह्याची होडी? इंजिन नाही तिला. तिला बंदी नसते."

हे माझ्या प्रोग्रॅमला ठाऊकच नव्हतं. तिथेच ओट्यावर बसून पाचवी टेस्ट लिहिली: बिनइंजिनाच्या होडीला जुलैतही परवानगी आहे. ती लाल झाली. मग कामाला लागलो.