जुन्या गाड्या, पंपावरच्या गोष्टी आणि ‘कशावरून?’

आमच्या अकलूजमध्ये जुन्या गाड्यांवर जीव असणारी पाच-सहा माणसं आहेत. क्लब वगैरे काही नाही. ऊन उतरलं की एका मिस्त्रीच्या गॅरेजपुढे दोन बाकडी टाकली जातात, चहा येतो आणि गप्पा सुरू होतात. तात्यांची प्रीमियर पद्मिनी, बापूंची पेट्रोलवरची जुनी जीप आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची अँबॅसिडर, ही आमची दौलत. माझ्याकडे यातलं काहीच नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं, शाळेत सायकलवर गेलो, आता स्कूटर चालवतो. तरी त्या बाकड्यावर माझी जागा ठरलेली आहे, कारण कुणी काही ठासून सांगितलं की मी “कशावरून?” असं विचारतो. वर्गातली सवय, दुसरं काय! “आलं बघा सरांचं कशावरून,” असं म्हणत मंडळी हसतात आणि मग पुरावा शोधायला लागतात.

पद्मिनीचा आम्हाला विशेष अभिमान. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार व्हायची आणि ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. ते मूळचे सोलापूरचे. अकलूजहून नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो, त्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. तेव्हा पद्मिनी ही आपल्या जिल्ह्याची लेक आहे, असं तात्यांचं म्हणणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा तात्या दोन दिवस घरातलं कुणी वारल्यासारखे गप्प होते.

तर सांगायचा मुद्दा असा की, या बाकड्यावर सर्वांत जास्त चर्चा होते ती पेट्रोल पंपाची. आणि पंपाइतक्या दंतकथा बहुधा एखाद्या पडक्या किल्ल्याच्याही नसतील.

पहिली कथा पहाटेच्या पेट्रोलची. “पहाटे पेट्रोल भरावं, थंड असतं, जास्त येतं.” बँकवाले गृहस्थ ही कथा वर्षानुवर्षं सांगत आले. मिस्त्रींचा नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याने एकदा कागदावर हिशेब मांडला. पेट्रोलचं तापमान एक अंशाने वाढलं तर ते हजारात साधारण एक भाग फुगतं. म्हणजे पाच लिटरला पाच मिलिलिटर, चहाचा एक चमचा! त्यातून पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली. वर कितीही ऊन तापलं तरी दिवसभरात तिथलं तापमान फारसं हलत नाही. एवढ्यासाठी साखरझोप मोडायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी कथा शंभराऐवजी एकशे दहाचं पेट्रोल घेण्याची. म्हणे, गोल आकड्यावर मशीन आधीच लावून ठेवलेलं असतं. पण मशीन लिटर मोजतं, रुपये हा नंतरचा गुणाकार. माप मारायचंच असेल तर ते एकशे दहालाही मारता येईल. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागावं आणि समोर मोजून घ्यावं. आकडा बदलण्यापेक्षा हे सरळ.

तिसरी कथा दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरते. टाकी पूर्ण भरू नका, उन्हात स्फोट होईल, असा इशारा इंडियन ऑइलने दिला आहे, अशी. आपण असा इशारा दिलेलाच नाही, असं त्या कंपनीनेच जाहीर केलं होतं. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला हरकत नाही. ठिणगीशिवाय आपोआप पेटायला पेट्रोलला अडीचशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. आमच्या माळशिरस तालुक्यातलं वैशाखातलं ऊन कडक आहे खरं, पण इतकं नाही.

आता सगळंच जुनं बोलणं खोटं असतं, असंही नाही. उन्हाळ्यात पद्मिनी चढावर बंद पडली की तात्या बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतात. मी विचारलं, “कशावरून?” तर ते निघालं अगदी शास्त्रशुद्ध. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला खेचता येत नाही आणि पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही. फडक्याने पंप थंड झाला की गाडी चालू. माठातलं पाणी गार होतं तोच हा नियम. म्हणून मी म्हणतो, जुनं आहे म्हणून मानायचं नाही आणि जुनं आहे म्हणून हसायचंही नाही.

आता मोबाइल. पंपावर फोनवर काट मारलेली पाटी असते आणि त्याच पाटीखाली उभा राहून पोरगा पैशासाठी कोडचा कागद पुढे करतो, “सर, स्कॅन करा.” बापूंना याचा फार राग. फोनने पंप पेटतात, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. अमेरिकेत पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने अनेक वर्षं गोळा केल्या. मोबाइलमुळे लागली असं सिद्ध झालेली एकही आग त्यांना सापडली नाही. सापडली ती स्थिर वीज. लोकरी कपडा काढताना चटचट होते ना, तीच. तिथे लोक स्वतःच पेट्रोल भरतात. जवळपास निम्म्या घटनांत माणूस नळी लावून पुन्हा गाडीत बसला होता, सीटला अंग घासलं आणि उतरून नळीला हात लावताच ठिणगी उडाली. (टेक्सासच्या आमच्या पुतणीने हे वाचावं. थंडी कितीही असो, पेट्रोल भरत असताना गाडीत परत बसायचं नाही. बसलीसच तर उतरल्यावर नळीपासून दूर, आधी गाडीच्या पत्र्याला हात लाव.)

पाटी आहे तर फोन खिशात ठेवावा, हे माझंही मत. फोनवर बोलणाऱ्याचं लक्ष उडतं आणि पंप ही लक्ष उडू द्यायची जागा नाही. पण फोन खिशात टाकला म्हणजे आपण सुरक्षित झालो, असं मानलं की घोटाळा होतो.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भाजला. स्वभावाने शांत, शेती करतो. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उसात तणनाशक मारत होता. मध्येच पेट्रोल संपलं. पंप खाली उतरवला आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत आणलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनाच्या टाकीत ओतायला लागला. थोडं बाहेर सांडलं आणि भडका उडाला. उजवा हात आणि मांडी भाजली. सोलापूरला दवाखान्यात तीन आठवडे काढावे लागले. बघायला गेलो तर उठून बसायची धडपड करत होता. म्हणाला, “सर, मोबाइल तर मी बांधावर ठेवला होता.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पोरगा बेफिकीर नव्हता. त्याने काळजी घेतली होती, पण जिथे धोका नव्हता तिथे. आग कशी लागते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, फोन नको एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही ते पेटण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, म्हणून वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. तापलेलं इंजिन किंवा विडी दोन हातांवर असली तरी तिथवर पोहोचते. हा एवढा धडा दहा मिनिटांत सांगून होतो.

आणि बाटलीचं म्हणाल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात थोडं पेट्रोल विनापरवाना बाळगायची सवलत आहे. पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, दगडी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, आणि काचेचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं नको. प्लॅस्टिकच्या भांड्याचं त्यात नाव नाही. प्लॅस्टिकमध्ये वाहतं पेट्रोल वीज साठवतं आणि ती जमिनीत उतरत नाही. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवून, नळी त्याच्या तोंडाला टेकवून भरला तर उतरते. गाडीच्या डिकीत, गालिच्यावर ठेवून डबा भरायचा नाही, तो याचसाठी.

नव्याची भीती आणि सवयीचा निर्धास्तपणा, आमच्या बाकड्यावरही हेच चालतं. सध्या सगळा राग इथेनॉलवर आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये देशभर तेच प्रमाण गाठलं गेलं. “सर, आपल्याच उसानं आपलीच गाडी मारली!” असं बापू म्हणतात. कारखान्याची मळी आणि उसाचा रस यांपासूनही ते बनतं, तेव्हा या गावात इथेनॉलला नावं ठेवायची म्हणजे घरच्याच माणसाला नावं ठेवल्यासारखं. सन २००० मध्ये शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हाही जुनी इंजिनं संपणार, अशी आरोळी उठली होती. ती गाडी तर अजून पंढरपूरला जाऊन येते.

पण या वेळी तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, हा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. ते परवडेल. खरी गोष्ट रबराची आहे. जुन्या गाड्यांचे पाइप आणि पंपाचा पडदा साध्या पेट्रोलसाठी बनवलेले. इथेनॉलने असं रबर फुगतं, मऊ पडतं, चिरतं.

तात्यांच्या गाडीत बरेच दिवस पेट्रोलचा वास येत होता. “जुनी गाडी म्हणजे वास यायचाच,” असं ते म्हणायचे. विद्यार्थ्याची हकीकत बाकड्यावर सांगितली त्या संध्याकाळी मिस्त्री काही न बोलता उठले, बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा पाइप बोटांनी वाकवून दाखवला. जागोजागी चिरा आणि त्यांतून ओल. खाली तापणारं इंजिन. याच गाडीतून तात्यांच्या नाती बाजारात जातात. तात्या बराच वेळ त्या पाइपाकडे बघत राहिले. म्हणाले, “मिस्त्री, आजच बदला.”

त्या आठवड्यात आमच्या तिन्ही गाड्यांचे पाइप बदलले गेले. इथेनॉल सोसणारे मागवले, क्लिपाही नव्या लावल्या. प्रत्येक गाडीत कोरड्या पावडरचा आग विझवण्याचा नळकांडा बसला, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. खर्च फार आला नाही. बापूंच्या वस्तीवर फवारणीच्या पंपासाठी आता पत्र्याचा डबा आहे आणि इंजिन हाताला गार लागल्याशिवाय त्यात पेट्रोल पडत नाही.

विद्यार्थी आता बरा आहे. हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत अजून, पण यंदा आडसाली लावणीला सऱ्या पाडताना तो बांधावर उभा होता. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी, स्कूटर किंवा फवारणीचा पंप असेल, त्यांनी या रविवारी त्याचा पेट्रोलचा पाइप एकदा वाकवून बघावा. इंजिन गार असताना.