वेळासची ओहोटी

नाना फडणवीसांचे मूळ गाव असलेले वेळास आज सागरी कासवांसाठी ओळखले जाते. उत्तरेस बाणकोटची खाडी. सावित्री तेथेच समुद्रास मिळते. पावसात पाणी गढूळ होते, पायाखालचा खड्डा दिसत नाही. वरून वाहून आलेली घाण तर स्वच्छ भासणाऱ्या पाण्यातही डोळ्यांना कळत नाही. अशा आडबाजूस जीवरक्षक गृहीत धरता येत नाही. उरतो तो कोकणचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीस सुमारे ३ वाजता पूर्ण भरती, मग सहा तास ओहोटी. पाऊणकी पाठ असलेल्या व्यापारी घरास हे अवघड नाही! ओहोटीत खाडीमुखाकडील ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यासही आत नेते. तिच्याशी झुंजू नये. किनाऱ्यास समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र समुद्र वाळूवरूनच पाहावा.