आईचा पत्र्याचा डबा

सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, की आमच्याकडे आईची धावपळ सुरू होते. मी त्या वेळी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्यात माझा वाटा एवढाच.

नाही म्हणायला ऑफिसच्या एका स्पर्धेसाठी आम्ही तिघांनी कचरा ओळखणारा कॅमेरा केला होता. बाटली, केळ्याची साल, बॅटरी, सगळं फोटोत बरोबर ओळखायचा. मग हौसेनं घरचा खरा डबा त्याच्यासमोर उपडा केला. वरणात भिजलेली पिशवी, तिला चिकटलेली चहापत्ती, वर कोथिंबिरीच्या काड्या. बिचाऱ्यानं सरसकट सगळ्याला 'भाजी' म्हटलं.

बक्षीस हुकलं, तरी पुढे मशीन काय ते बघून घेईल हा विश्वास गेला नाही. देवगुराडियाचा प्लांट आहेच की! फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि त्यातून सुमारे १७ टन बायो-सीएनजी काढण्याची त्याची क्षमता. त्यावर शहरातल्या बस धावतात. कचऱ्याची लापशी करून हवाबंद टाक्यांत ठेवतात, तिथले जिवाणू ती पचवतात आणि गॅस देतात. उरलेल्याचं खत होतं. पण या जिवाणूंना प्लास्टिक पचत नाही, काच तर नाहीच. लखनौला कचऱ्यापासून वीज करणारा प्लांट आपल्या कितीतरी आधी उभा राहिला होता. मिसळलेला कचरा येत राहिला आणि तो बंद पडला.

खताचं म्हणाल तर ती इंदूरची जुनीच विद्या. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच बसवलेली 'इंदूर पद्धत' जगभर गेली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. अर्थात त्यांचा कचरा शेतातला होता, त्यात दुधाच्या पिशव्या नव्हत्या.

मागच्या महिन्यात आईचा गुडघा दुखत होता म्हणून डबे घेऊन मी खाली गेलो. गाडीवरच्या दीदींनी ओल्या डब्याचं झाकण काढलं, आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. हातमोज्यातून काच आत गेली होती. रात्री फुटलेली लोणच्याची बरणी मी अंधारात हाताला लागेल त्या डब्यात टाकली होती.

"भैया, माताजी तो ऐसा नहीं करतीं," एवढंच त्या म्हणाल्या. मी वर जाऊन हळद आणि पट्टी घेऊन येईपर्यंत त्यांनी बोटाला रुमाल गुंडाळला होता आणि त्या पुढच्या दारातला डबा उघडत होत्या. पट्टी घेतली, हळद नको म्हणाल्या.

घरी येऊन आईला विचारलं, काच टाकायची कुठे? तिनं सिंकखालचा रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा दाखवला. अर्धा भरलेला. झाकणावर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वाळत होत्या.

"हा कधीपासून आहे इथे?"

"तुझं कॉलेज चालू होतं तेव्हापासून," आई म्हणाली.