बोंडूचं गणित

आमचे काका रत्नागिरीची आंब्याची बाग गहाण टाकून काजूच्या बोंडूपासून इथेनॉल काढायला निघाले होते. "तू इंजिनिअर ना? जरा बघून ये," म्हणत त्यांनी मला पुण्याला औद्योगिक जैवतंत्रज्ञानाच्या परिषदेला पिटाळलं. मी पडलो कोडवाला, पहिली दोन भाषणं डोक्यावरून गेली. चहाच्या रांगेत मात्र एका अनुभवी गृहस्थांनी विचारलं, "बोंडू फेब्रुवारी ते मे. उरलेले आठ महिने टाकीत काय घालणार?"

बोंडू आंबवणं सोपंच, गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआयसुद्धा मिळालाय. अवघड आहे तो बारमाही कच्चा माल. काकांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा प्रश्नच नव्हता.

आता काका आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठात बोंडूच्या सरबताची चौकशी करणार आहेत. बाग अजून आमचीच आहे. परिषदेची फी वसूल!