चार स्टेशनांचा बँड

बँडची खबरबात म्हणजे नवं गाणं, नवा अल्बम, पुढचा शो, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आमच्या बँडच्या बातम्या वेगळ्याच असतात. बास वाजवणाऱ्याची बदली टळली. गायकाच्या बाळाचं बारसं आहे, शनिवारची प्रॅक्टिस रद्द. मी मुलुंडचा, सोळा वर्षं या बँडमध्ये गिटार वाजवतोय. आमच्या उपनगरांतल्या हार्ड रॉकचा इतिहास कुणी लिहिलाच, तर तो जागेचा आणि लोकलच्या वेळापत्रकाचा निघेल.

मोठ्यांचंही फार वेगळं नव्हतं. रॉक मशीन हा मुंबईचा बँड १९८४ साली सुरू झाला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. १९९३मध्ये बँडचं नाव इंडस क्रीड झालं, १९९७मध्ये तो थांबला, २०१०मध्ये पुन्हा जमला आणि २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. एवढं नाव कमावलेल्यांचीही मध्ये तेरा वर्षं गेली, हे आठवलं की आमच्या रद्द शनिवारांचं फार वाटत नाही.

जागेची गोष्टही तशीच. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात गाजला. उघड्यावरचं नाट्यगृह, बाजूला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. हॉस्पिटलशेजारी शांतता हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तशी मोकळी, स्टेशनाजवळची दुसरी जागा रॉकवाल्यांना मिळाली नाही. महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला.

आम्ही चौघे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवलीचे. पूर्वी सेंट्रलवरून वेस्टर्नला जायचं म्हणजे गिटार पाठीला लावून दादरचा पूल. आमचे दोन ड्रमर त्या गर्दीला कंटाळून गेले. ८ जून २०१४ला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि आम्हाला अंधेरीचा ड्रमर मिळाला.

मग घाटकोपरला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेतला. भिंतींना गालिचे ठोकले, दाराच्या फटीत फोम भरला. अंड्यांचे ट्रे लावून आवाज अडत नाही, खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो, हे तिथे कळलं. आवाज अडवायला जड भिंतच लागते. त्या इमारतीला ती होती. तरी रात्री दहाला आम्ही थांबायचो आणि वरच्या मजल्यावरच्या आजी गणपतीत मोदक पाठवायच्या.

यंदा ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. ड्रमसेट चार घरांत वाटला गेलाय. बास ड्रम आमच्या माळ्यावर, त्यावर आईने जुनी गोधडी घातलीय. सिंबल बोरिवलीला पलंगाखाली. सध्या आमच्या हॉलमध्ये रबरी पॅडवर, हेडफोन लावून वाजवतो. स्वयंपाकघरात आईला फक्त टकटक ऐकू येते. परवा ती म्हणाली, “आता बरं वाजवता रे, कुणाला त्रास नाही.”

ते टोचलं. हार्ड रॉक कुणाला त्रास द्यायला नसतो, पण नुसता कानांनी ऐकायचाही नसतो. बास ड्रमचा ठोका बरगडीत लागतो, तेव्हा चौघांचा ताल जुळतो. हेडफोनमध्ये प्रत्येक जण आपापलं बरोबर वाजवतो आणि तरी बँड वाजत नाही.

तर ताजी बातमी एवढीच. तीन गाणी तयार आहेत, अल्बम नाही. बोरिवलीवाल्याला कॅनडाचा व्हिसा मिळालाय, डिसेंबरपर्यंत तो इथे आहे. मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असा, जाड भिंतींचा गाळा शोधतोय. भाडं चौघांत भागतं. तिघांत भागेल का, ते जानेवारीत कळेल.