दोन रंगांचा मफलर



पर्युषण आटोपलं, पारणी झाली, पाहुणे गेले. आता निवांत लिहायला बसले. यंदाच्या चातुर्मासात मी एक मफलर विणला, त्याची ही गोष्ट.

सुरुवात पेटी उपसताना झाली. तळाशी मरून लोकरीचे चार गुंडे निघाले. ते माझ्या मोठ्या जाऊबाईंचे. सात वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली, त्या चिखलीला गेल्या आणि गुंडे अमडापूरलाच राहिले. वाटणीत कुणाचं काय चुकलं ते इथे लिहीत नाही. दोन्हीकडची खाती मला तोंडपाठ आहेत आणि दोन्ही जुळत नाहीत. तेव्हापासून संवत्सरीला आमचं ‘मिच्छामि दुक्कडम्’ मोबाईलवरच जायचं, तेही दुसऱ्याकडून आलेलं चित्र पुढे ढकलून.

क्रोशा मला भाभींनीच शिकवला. १९८१ ला मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झाले, पुढच्याच वर्षी लग्न होऊन इथे आले. ताळेबंद जुळवता यायचा, पण साखळीचे टाके मोजताना दर वेळी एक कमी भरायचा. भाभी विणकाम हातात घेऊन आधी उलटं करायच्या. “मागची बाजू दाखव. पुढून सगळेच चांगले दिसतात.”

मरूनच्या जोडीला मोतिया रंग आणला. स्थानकात एकीने विचारलं, लोकर चालते का हो? अहो, आपल्या साधू-साध्वींचा रजोहरण लोकरीचाच असतो. मेंढी कातरली तरी जिवंत राहते. जपायचं ते रेशमाला, त्यात कोश जिवंत उकळतात. आणि हल्लीची बहुतेक ‘लोकर’ अ‍ॅक्रिलिक. मेंढीचा संबंध नाही, म्हणून तर इतकी वर्षं पेटीत राहूनही कसर लागली नव्हती. नव्या गुंड्यावर लुधियानाच्या वर्धमानची चिठ्ठी होती. ते नाव वाचून मला दर वेळी उगीच बरं वाटतं.

नमुना सुनेने मोबाईलवर दाखवला. त्याला मोझेक म्हणतात. एका ओळीत एकच रंग, प्रत्येक रंगाच्या दोन ओळी, त्यामुळे दोन धागे एकमेकांत गुंतत नाहीत. ४ टाक्यांचा नमुना, वर ३ जास्त. मी ३५ टाके धरले, म्हणजे ३६ साखळ्या. मोतियाच्या ओळीत काही टाके सोडून त्यांच्यावरून साखळी न्यायची. पुन्हा मरूनची पाळी आली की तिथे लांब खांब घालायचा, तो मोतियाच्या दोन्ही ओळींच्या पुढून खाली नेऊन, सोडलेल्या मरून टाक्यात. असा रंग आपल्या रंगाला जाऊन मिळतो आणि नक्षी उठते. रंग बदलताना आधीच्या टाक्याचे शेवटचे दोन फासे नव्या रंगाने ओढून घ्यायचे, नाहीतर कड डागाळते.

खरं सांगते, याने माझं सामायिक बिघडलं. ३२ दोषांतले कायेचे १२ मी सांभाळले, हात मांडीवरच होते. वचनाचे १० ही सांभाळले. मनाच्या १० चं मात्र विचारू नका. ती ४८ मिनिटं मनात खांबच मोजले जायचे, आणि खांबांच्या मधून मधून वाटणीचा तो दिवस यायचा.

६२ व्या ओळीवर मफलर पसरून पाहिला, तर नक्षी एका बाजूला सरकलेली. मागे मागे जात ४१ व्या ओळीत चूक सापडली. एक खांब शेजारच्या टाक्यात गेला होता आणि पुढचं सगळं त्याच्या मागे. २२ ओळी, ७७० टाके. सून म्हणाली, “आई, गळ्यात गुंडाळल्यावर कोण बघतंय?” माझ्या ओळखीची एक व्यक्ती नक्की बघणार होती. दोन रुपयांचा फरक राहिला तर आमच्या वेळी रात्र जागून वही तपासायचे. रात्रीच उसवला. उसवायला वीस मिनिटं लागली, विणायला चार दिवस.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारणं केलं आणि यांना म्हटलं, मला चिखलीला सोडा. यांनी काही विचारलं नाही, गाडी काढली. वाटेत मी तीनदा वाक्य जुळवलं. दारात भाभी दिसल्या, केस पूर्ण पांढरे, कानाला पदर घट्ट. कानात वारं गेलेलं त्यांना पहिल्यापासून सोसत नाही. हात जोडले आणि जुळवलेलं सगळं विसरले. नुसतं “मिच्छामि दुक्कडम्” म्हटलं. त्यांनीही तेच म्हटलं. मग बराच वेळ दोघी उभ्याच.

मफलर हातात दिला. मरून रंग त्यांनी लगेच ओळखला, बोटाने चाचपला. मग सवयीने उलटा केला. मोझेकच्या मागच्या बाजूला नक्षी येत नाही, नुसते आडवे पट्टे दिसतात.

“इकडे पट्टेच?”

“त्याची रीतच तशी आहे, भाभी.”

“बस आधी,” त्या म्हणाल्या, “आणि कशी आहे ती रीत, सांग मला.” आणि चष्मा शोधायला आत गेल्या.