बिलॉक्सीचा किनारा

न्यू ऑर्लिन्सहून पूर्वेकडे निघून बे सेंट लुईसचा लांबलचक पूल ओलांडला, की ९० क्रमांकाचा हमरस्ता समुद्राला जो बिलगतो तो बिलॉक्सी येईपर्यंत त्याची संगत सोडीत नाही. परंतु कोकणकिनाऱ्यावर लाटांच्या गर्जनेची सवय जडलेल्या माझ्यासारख्या प्रवाशाला मिसिसिपी राज्याचा हा समुद्र, बाहेरच्या बेटांनी अडवून धरल्यामुळे, अगदीच निपचित आणि गढूळ वाटला. पुळणही स्वाभाविक नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास समुद्रतळाची वाळू उपसून हा सव्वीस मैलांचा पांढरा पट्टा निर्माण करण्यात आला, आणि सरकारी खजिन्यातून घातलेल्या या वाळूवर कृष्णवर्णीयांनी पाऊल ठेवू नये असा दंडक पडला. १९६० च्या एप्रिलात डॉ. गिल्बर्ट मेसन आपल्या बांधवांसह पाण्यात उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना साखळ्यांनी व सोट्यांनी झोडपले आणि पोलीस पाहत उभे राहिले.

हमरस्त्याच्या दोन वाटांमध्ये १८४८ सालचा बिडाचा दीपस्तंभ उभा आहे. दोन्ही बाजूंनी मोटारी वाहतात आणि तो मध्ये, जकातनाक्यावरील शिपायासारखा, कोणालाही न अडविता उभा असतो. याच रस्त्याच्या कडेला एके काळी ‘स्ट्रिप’ नावाची नाच, मद्य आणि जुगार यांची बाजारपेठ भरे. जवळच्या विमानदलाच्या छावणीतले तरुण हे तिचे हुकमी गिऱ्हाईक. ‘मिस्टर माइक’ म्हणून गावभर परिचित असलेला माइक गिलिच हा तिचा एक मातब्बर मालक. आणि ज्याने या साऱ्यावर जप्ती आणावयाची त्या हॅरिसन परगण्याच्या शेरीफालाच, लेरॉय हॉब्स याला, १९८४ साली वीस वर्षांची कैद झाली.

मुक्कामी रात्री उशिरापर्यंत मी शेरी दांपत्याच्या खुनाच्या खटल्यातील अपिलाचा निकाल वाचीत बसलो. न्यायाधीश व्हिन्सेंट शेरी आणि स्ट्रिपच्या कट्टर विरोधक म्हणून गाजलेल्या त्यांच्या पत्नी मार्गारेट यांची सप्टेंबर १९८७ मध्ये राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. प्रेते प्रथम पाहणारा होता शेरींचा वकिलीतील पूर्वीचा भागीदार पीट हॅलट. हाच गृहस्थ १९८९ मध्ये शहराचा महापौर झाला!

मुळाशी होता लुइझियानातील अंगोलाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा, आणि स्वतः एका न्यायाधीशाचा पुत्र असलेला, कर्कसी निक्स. समलिंगी पुरुषांच्या नियतकालिकांत एकाकी तरुणाच्या नावाने जाहिरात द्यावी, उत्तर देणाऱ्याशी तुरुंगातूनच दूरध्वनीवर गोड बोलावे, मग एखादे संकट कोसळल्याचा बहाणा करून तारेने पैसे मागवावेत, हा त्याचा उद्योग. फसलेला इसम लोकलज्जेस्तव फिर्याद करीत नसे. त्यामुळे धंदा बिनबोभाट चाले. जमलेल्या पुंजीवर सुटका विकत घेण्याचा निक्सचा मनसुबा होता, आणि तिचा काही भाग ‘हॅलट आणि शेरी’ या वकिली पेढीच्या आश्रयास होता. पुढे लाखाहून अधिक डॉलर नाहीसे झाले. सरकारपक्षाचे म्हणणे असे की हॅलटने त्याचे बालंट शेरींवर ढकलले, आणि निक्स व गिलिच यांनी मारेकरी धाडला. मारेकरी भाड्याने मिळतो, त्याचे मला फारसे नवल वाटले नाही. मला अस्वस्थ केले ते पेढीच्या त्या प्रतिष्ठित पाटीने, कारण तिच्या आडोशावाचून तुरुंगातल्या माणसाची हुशारी तुरुंगातच कुजली असती.

स्थानिक तहकीकात रेंगाळली. शेरींची कन्या मात्र स्वस्थ बसली नाही. १९९१ च्या पहिल्या खटल्यात निक्स आणि गिलिच दोषी ठरले. नंतर गिलिचने सरकारपक्षातर्फे साक्ष दिली आणि १९९७ मध्ये हॅलटवर कटाचे व न्यायात अडथळा आणल्याचे आरोप शाबीत होऊन त्याला अठरा वर्षांची सजा झाली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका कॅसिनोत जेवावयास गेलो. जुगाराला मिसिसिपीने १९९० मध्ये कायदेशीर केले, पण घर पाण्यावर तरंगते हवे, ही अट घालून. १९९२ पासून येथे असे तराफे नांगरले गेले, २००५ च्या कॅटरिना वादळाने त्यांतले काही उचलून जमिनीवर आदळले, आणि मग विधिमंडळाने किनाऱ्यापासून आठशे फुटांपर्यंत जमिनीवरच डाव मांडण्यास मुभा दिली. जुगारावरच्या कराचे काय होते म्हणून मी वाढप्याला विचारले. त्याचा वाटा शाळांना जातो, पोलिसांनाही जातो, असे सांगून त्याने बिल पुढे ठेवले.